माशांआधीचे पाणी

व्यंकटराव,

शेवटच्या दिवसांत तुम्ही भ्रमिष्ट झाला होतात, असे रामनगरात ठरले आहे. ठरवणाऱ्यांत तुमच्या थोरल्या बहीण आक्का आहेत, तुमच्या कापडदुकानासमोरचे पानवाले आहेत आणि, लिहायला जड जाते, परवापर्यंत तुमचा स्वतःचा मुलगाही होता. मला हा निर्णय मान्य नाही. जोयड्याच्या कचेरीत सर्व्हेअर म्हणून मी जन्म घालवला. बांधावर उभे राहून सगळा गाव एका सुरात जी हद्द सांगतो, तिच्यावर मी सर्वांत आधी संशय घेत आलो. मुलूख कर्नाटकाचा, म्हणून नोकरीभर कागद कन्नडात लिहिले. मराठी भांडणासाठी राखून ठेवली होती, म्हणजे बहुतेक तुमच्यासाठीच. म्हणून हा आक्षेप मराठीत नोंदवतो आणि तुमच्यापुढेच नोंदवतो. बाकीचे कोणी तो शेवटपर्यंत ऐकून घेत नाही.

त्यांचे म्हणणे असे. व्यंकटराव रोज सकाळी अंघोळ करून काचेच्या पेटीपुढे बसत. पेटीत पाणी होते, खडे होते, बुडबुडे सोडणारे यंत्र होते; मासा एकही नव्हता. त्या बिनमाशांच्या पेटीत ते चिमूटभर माशांचा खाऊ टाकत. मग काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब सोडत, नळी उजेडात धरून रंग बघत आणि मान हलवत. "आता ह्येला काय म्हणायचं, तुमीच सांगा सर्व्हेअर," असे पानवाले मला म्हणाले. मी म्हणालो, त्याला तयारी म्हणायचे. ते हसले. तुमच्या दारात माणसे समाचाराला येत होती आणि समोर हा गृहस्थ हसत होता. मी पुढे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पेटीची खरी हकीकत मला ठाऊक आहे, कारण तिच्याखालचा कडप्पा मी बसवला. दुकानाची दर्शनी काच बदलली, तेव्हा जुनी जाड काच तुम्ही भंगारात जाऊ दिली नाहीत. "ह्या काचेआड मी जन्मभर साड्या लावल्या, लोकांनी बाहेरनं बघितल्या," तुम्ही म्हणालात. "आता मी बाहेर बसतो. आत कायतरी हलू दे, मी बघतो." तुमच्या महेशने दुकान हाती घेतल्यापासून तुमचे हात मोकळे होते आणि मोकळे हात तुम्हाला सोसत नव्हते. काच कापून घेतलीत, सांधे भरलेत, ते सुकेपर्यंत पेटीला कोणाला बोट लावू दिले नाहीत, मग ती अंगणात भरून कुठे पाझरते का हे बघत बसलात. घरात ती कुठे ठेवावी यावरून आपण अर्धा दिवस भांडलो. तुम्हाला खिडकीशी हवी होती; मी म्हणालो, तिथे ऊन येते, पाणी हिरवे होईल. शेवटी आतल्या भिंतीशी जागा ठरली आणि मी पाणसळ लावून कडप्पा बसवला. भरल्या पेटीचा भार एका कोपऱ्यावर आला तर काच तडकते. तुम्ही वाकलात, एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "सर्व्हेअरसाहेब, दाराकडं कललीय."

पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये उभा होता. मी तो दाखवला.

"बुडबुड्याला जास्ती कळतंय का मला?"

तो वाद मिटलेला नाही. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

पहिल्या माशांच्या वेळी तुम्हाला कोणी वेडे म्हटले नव्हते, हेही मला नोंदवायचे आहे. खरे तर वेडेपणा तो होता. नव्या दुकानाची घालावी तशी तुम्ही पेटीची पूजा घातलीत. गल्लीतल्या बायकांनी काचेला हळदकुंकू लावले, त्यातले निम्मे पाण्यात पडले. कोणी तुळशीपत्र सोडले, कोणी अक्षता टाकल्या. तुमच्या आक्कांनी चमचाभर दूध ओतले. नागोबा नव्हेत, मासे आहेत, असे कोणी म्हणेपर्यंत चमचा रिकामा झाला होता. बेळगावाहून पिशव्या भरून आणलेले मासे त्याच दिवशी, सगळे एकदम, नळाच्या ताज्या पाण्यात सोडलेत, आणि ते दिवस नळाच्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येण्याचे होते. मासे पोटे वर करून तरंगू लागले. मग सफाई सुरू झाली. पेटी पालथी करायची, खडे साबणाच्या पावडरने घासायचे, नवे पाणी, नवे मासे. सणापूर्वी घर धुवावे तशी पेटी धुतली जाई आणि जितकी ती लख्ख होई तितके मासे लवकर मरत. तेव्हा गाव म्हणे, व्यंकटरावांचा हात माशांना लाभत नाही. तुम्ही चुकत होतात तोवर ते नशीब होते. तुम्ही कारण शोधून काढलेत, तेव्हा त्याला भ्रम म्हणतात.

कारण कुठे सापडले तेही मी जवळून पाहिले आहे. कुळगीच्या वाटेवरच्या ओढ्यात तुम्ही धोतर खोचून उभे होतात. माझ्या मंगलाने, तुमच्या सुनेने, बांधून दिलेल्या भाकरी माझ्या हातात होत्या, कारण तुमच्या हाती दिल्या असत्या तर त्या ओढ्यात गेल्या असत्या. पाण्यातल्या एका दगडावर तुम्ही अंगठा फिरवलात. "हा बुळबुळीतपणा बघा. हे दगड कोण घासतंय? आणि मासे बघा कसे टुणटुणीत." त्या दिवसापासून तुम्ही बेळगावच्या मासेवाल्याला फोनवर छळलेत, मोबाइलवर तासन्‌तास काय काय पाहिलेत आणि जे कळले ते सगळे माझ्या डोक्यावर ओतलेत. माशांच्या अंगातून जे बाहेर पडते ते पाण्यात विष होते. ओढ्यात ते विष त्या बुळबुळीतले अदृश्य जीव खाऊन टाकतात. नव्या पेटीत ते जीव नसतात, हळूहळू येतात. आपण दर वेळी घासून त्यांनाच काढून टाकत होतो.

"दुधाला विरजण लागतं न्हवं, तसं पाण्याला. दही एका रात्रीत लागतंय, ह्येला आठवडं जातात, एवढाच फरक."

मग तुम्ही विरजण आणलेत. मासेवाल्याच्या जुन्या पेटीतला स्पंजाचा काळपट तुकडा, ओल्या पिशवीत, बेळगावच्या बसमधून मांडीवर ठेवून, प्रसाद आणावा तसा. तो तुमच्या यंत्रात बसवलात. मासे अजून नव्हते, मग त्या जिवांनी खायचे काय? म्हणून रोज चिमूटभर खाऊ. तो पाण्यात कुजणार आणि त्यातून निघेल ते हे खाणार. पाण्यात विष उरले आहे का, हे बघायला थेंब. नळी हिरवी झाली तर थांबायचे. पिवळी राहिली तर मासे आणायचे. रामनगरच्या रस्त्याकाठी जन्म काढलेल्या माणसाने हिरव्याला थांबावे आणि पिवळ्याला निघावे, हे मला पटत नाही असे मी म्हणालो. "म्हणूनच तुमी अजून जोयड्यात हाय," हे तुमचे उत्तर. त्याचा अर्थ मला आजही लागलेला नाही, पण आजूबाजूचे सगळे हसले होते आणि तुम्हाला तेवढे पुरत असे.

भ्रमिष्ट माणूस असा असतो काय?

दुसरी कहाणी आक्का सांगतात. व्याह्यांशी फोनवर कडाक्याचे भांडण झाले, त्याने रक्तदाब चढला आणि भाऊ गेला. म्हणजे माझ्यामुळे. हीही मी नाकारतो, आणि ते शेवटचे बोलणे जसे झाले तसे इथे लिहितो.

तुम्ही म्हणालात, "रविवारी या. नळी पिवळी ऱ्हायला लागलीय. दोनच मासे सोडायचे, पयल्यांदा दोनच. येताना पाणसळ आणा."

मी म्हणालो, "अजून आठवडाभर थांबा. इतके थांबलात."

"थांबायचं वय हाय का आमचं?"

"मी तुमच्यापेक्षा मोठा आहे. मी थांबतोच आहे ना."

"तुमी कशासाठी थांबलाय, देवाला ठावं. मासे बेळगावचेच येणार, सांगून ठेवतो. तुमच्या ओढ्यातलं न्हाई."

"ओढ्यातलेच आणावेत, हे माझे मत आहे आणि राहील."

"ओढ्यातलं मासं तुमच्यासारखं. चार काचांत ठेवलं की डोकं आपटून घेणार."

आवाज चढले होते हे खरे. पण आपल्यात ते कधी खाली होते? एकदा मला ताप होता आणि तुमच्या तीन मुद्द्यांना मी एकामागून एक होकार दिला, तर तुम्ही घाबरून मंगलाला गाडीवर बसवून जोयड्याला घेऊन आला होतात. भांडणाने तुमचा रक्तदाब चढत असता तर सोयरीक ठरवताना पहिल्या बैठकीतच गेला असतात. तुम्ही शनिवारी गेलात. पाणसळ मी पिशवीत भरून ठेवली होती. ती पिशवी मी दोन दिवस उघडली नाही, आणि मग उघडून, काही कारण नसताना, साऱ्या घराच्या पायऱ्यांना पाणसळ लावून पाहिली. सगळ्या सरळ आहेत.

घरात मी एकटा असतो. बसवत नाही. लिहायला बसलो तरी मध्येच उठतो, म्हणून या मजकुराची वीण कुठे सैल वाटली तर ती माझ्या भाषेची चूक मानू नका.

एक गोष्ट आधी सांगायची होती ती आता सांगतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तुम्ही माझ्या मंगलाला रामनगरच्या बाजारात, ट्रकांच्या रांगेतून, स्कूटर शिकवायला घेतलीत. मी धावत आलो होतो. सून म्हणून दिली आहे, ड्रायव्हर म्हणून नव्हे, असे मी चारचौघांत म्हणालो. तुम्ही म्हणालात, "पडली तर आमी उचलणार, तुमी कशाला कमरेला हात लावून उभं?" ती पडली नाही. आज रामनगरहून माझ्या औषधाची पिशवी घेऊन ती त्याच गाडीवर येते. त्याबद्दल मी तुम्हाला काही म्हटले नव्हते. म्हणायची माझी पद्धत नाही, आणि तुमची ऐकून घ्यायची नव्हती. तरी ते इथे लिहिलेले असू द्या.

आता सुतक फिटायच्या दिवसाची गोष्ट. ती लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून नीट सांगतो.

मी पहिल्या बसने आलो. घर धुणे चालले होते. मृत्यू झालेल्या घरातले साठवणीचे पाणी सुतक फिटताना ओतून टाकतात. या रीतीबद्दल माझी तक्रार नाही, माझ्या घरीही ती पाळली गेली आहे. हंडे, घागरी, न्हाणीतले पिंप, गच्चीवरची टाकी, सगळे मोकळे झाले. मग आक्का आतल्या खोलीत आल्या आणि पेटीपुढे थांबल्या.

"हे पाणी कवाचं?"

"बाबांनीच भरलेलं," महेश म्हणाला.

"मग वता की. थेंब ठिवू नका. आणि ते खडं राखेनं घासून घ्या. किती बुळबुळ्यात बघ, शी."

तेवढ्यात माझ्या विहीणबाई, तुमच्या शांताबाई, स्वयंपाकघरातून आल्या. कोणाकडे पाहिले नाही. फडताळातली डबी काढली, चिमूटभर खाऊ पाण्यात टाकला, डबी जागेवर ठेवली आणि आत गेल्या. महेशने मला हाताला धरून ओसरीवर आणले.

"मामा, बघितलासा? बाबा गेल्यापासून रोज. अगदी त्यांच्यासारखं. आईपण त्याच वाटेला लागलीय." "आक्का म्हणतात, खानापूरला घेऊन जाते, राहू दे चार-सहा महिने. ह्या पेटीपासून लांब. मलापण तेच बरं वाटतंय."

व्यंकटराव, तोवर मी तुमच्या नावासाठी भांडत होतो आणि ते नाव जपायला मला सवड होती. आता तुमच्या बायकोला तिच्या घरातून हलवायचे घाटत होते, आणि तेही तुमचे सांगणे तिने पाळले म्हणून. मी सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"विहीणबाई, खाऊ का टाकता?"

"त्यांनी सांगितलंतं. दवाखान्यात नेताना. चिमूट चुकवू नको आणि यंत्र बंद करू नको म्हणालं."

"कशासाठी, ते सांगितले?"

"न्हाई. मी इचारलंबी न्हाई. जीव घाबरा झाल्याला माणूस, त्येला काय इचारायचं?" त्यांनी पदराने कपाळ पुसले. "मला येड न्हाई लागलेलं, पावणं. ह्यास्नी सांगा कुणीतरी."

मुलीच्या बापाने मुलीच्या सासरी, तेही अशा दिवशी, तोंड उघडू नये. मंगलाने दारातूनच मला खुणावले. "आप्पा, इथं नको. माझं सासर हाय हे." मी म्हणालो, "तुझे सासर आहे म्हणूनच." आणि मी आतल्या खोलीत जाऊन पेटी आणि आक्का यांच्या मधे उभा राहिलो. बांधावरच्या भांडणात मी ज्या आवाजात बोलत असे, तो निवृत्तीनंतर पहिल्यांदा निघाला.

"पाणी ओता. मी अडवत नाही. पण हे खडे आणि यंत्रातला स्पंज घासायचा नाही आणि सुकवायचा नाही. व्यंकटरावांनी जे इतके दिवस वाढवले ते पाण्यात नाही, ह्यांत आहे."

"तुमी कोण सांगणार?" आक्का म्हणाल्या. "घरातली वस्तू हाय. सुतकातली हाय."

"मला सुतक आहे का?"

"तुमाला कशाचं? तुमी मुलीकडचं. परगोत्री."

"मग खडे, स्पंज आणि ते भिजतील एवढे पाणी मी आत्ता उंबऱ्याबाहेर नेतो. घर शुद्ध करा, पेटी आतून पुसा, हवे ते करा. शुद्धीनंतर परत आणतो. ज्याला सुतक नाही त्याच्या हाती राहिलेल्या वस्तूला सुतक लागते का?"

आक्का विचारात पडल्या. त्या बाईंचे आणि माझे कधी पटले नाही, पण रीत त्या मनापासून मानतात, आणि जो मानतो त्याच्याशी भांडता येते. "तसं चालतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "पर आत्ताच न्या. माझ्यासमोर. आणि उंबऱ्यावर सांडू नका."

महेशला मी ओसरीवर उभा केला. "तुझ्या आईला खानापूरला पाठवायचे ते मी परत येईपर्यंत थांबव. ह्याच विरजणावर पेटी पुन्हा लावतो आणि मासे सोडतो. मेले, तर तू म्हणशील ते."

"आणि जगले तर?"

"तर बाबांना भ्रम झाला होता असे ज्यांना ज्यांना सांगितलेस, त्यांना त्यांना जाऊन खरे सांगायचे."

"मामा, मला तसं म्हणायला बरं वाटत हुतं व्हय? रोज बघत हुतो बाबांना तिथं बसल्यालं. एकदापण बसून इचारलं न्हाई, काय करताय म्हणून. लोकांनी काय झालं इचारलं की कायतरी सांगायला लागतंय न्हवं."

तुमचा मुलगा लबाड नाही, हे तुम्हाला कळवतो. त्याला दुःखाचे नाव सापडत नव्हते, म्हणून त्याने सापडले ते लावले. मी त्याला तेवढ्यावर सोडला नाही, पण आवाज उतरवला.

बादली मंगलाने भरली. तुमच्याच पेटीतले पाणी, तळाशी खडे, त्यांवर स्पंज. यंत्र, नळी, थेंब आणि थोडा खाऊ माझ्या पिशवीत. "रीत म्हणून नात होईपर्यंत ह्या घरचं घोटभर पाणी प्यायला न्हाईसा, आप्पा," ती म्हणाली, "आणि आता बादली भरून नेताय." ती हसली आणि हसता हसताच भिंतीला टेकून रडू लागली.

जोयड्याच्या बसमध्ये कंडक्टर ओळखीचा निघाला. "येन सर्व्हेअर," त्याने अर्ध्या कन्नडात विचारले, "बादलीत काय?"

"पाणी."

"जोयड्यात पाणी न्हाई व्हय?"

"हे रामनगरचे आहे."

"आणि खाली काय हाय?"

"खडे."

त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि तिकीट देताना आवाज एकदम मऊ केला, जसा लहान मुलांशी आणि ज्यांचे डोके फिरले आहे त्यांच्याशी करतात. मला तुमची आठवण झाली. या मऊ आवाजात लोक तुमच्याशी किती दिवस बोलत होते, व्यंकटराव? आणि तुम्ही तो मला का सांगितला नाहीत? जंगलातल्या वळणांवर बादली हिंदकळली आणि शेजारच्या गृहस्थांची चप्पल भिजली. तेही काही बोलले नाहीत. मला कोणी बोलले असते तर बरे वाटले असते.

घरी यंत्र लावले. रोज चिमूट टाकू लागलो. आमच्याकडे वीज जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे; यंत्र बंद पडले की मी तांब्याने बादलीतले पाणी उंचावरून बादलीतच ओतत बसे, कारण हवा मिळाली नाही तर ते जीव गुदमरतात, असे तुम्हीच सांगितले होते. दूध घालणारी बाई दारात थबकली. "सर्व्हेअर, बादलीला अंघोळ घालताय?" मी तिला विरजणाचे सगळे समजावले. तिने ऐकून घेतले आणि शेजारणीला सांगितले की म्हाताऱ्याला एकट्याला ठेवणे बरे नव्हे. नळी पहिल्यांदा हिरवी आली. दुसऱ्या दिवशीही हिरवीच. मी तुमच्यावर इतका चिडलो की बादलीशी मोठ्याने बोललो. प्रवासात सगळे मेले, तुमचा मासेवाला खोटा, तुमचा ओढा खोटा. हिंदकळल्याने पाणी बिघडले असेल हे मला सुचायला हवे होते, पण चिडण्याला तुम्ही समोर नव्हतात आणि चिडल्यावाचून मला सुचत नाही. मग एका सकाळी नळी पिवळी आली. खाऊ टाकूनही पिवळीच राहिली.

बादली परत नेली. पेटी मी आणि महेशने मिळून लावली. आतून साध्या पाण्याने पुसलेली, साबण नाही. पाणी विहिरीचे, भरून उघडे ठेवलेले. खडे न घासता, तसेच. स्पंज यंत्रात. वर काही दिवस नुसतेच थांबणे, चिमूट आणि नळी. महेशला घाई होती. मी त्याला थांबवून धरले आणि या वेळी मला कोणी वय विचारले नाही. शेवटी तो बेळगावला जाऊन आला. दोन मासे, दोनच. ओढ्यातले नाहीत, याची नोंद मी इथे करून ठेवतो. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे कोमट होईपर्यंत पिशवी पेटीत तरंगत ठेवली. मग तिच्यात वाटीवाटीने पेटीतले पाणी घालत गेलो. विहीणबाई उभ्या राहून बघत होत्या. मासे बाहेर आले, कोपऱ्यात जाऊन दबले आणि बऱ्याच वेळाने खड्यांवरून फिरू लागले.

विहीणबाईंनी डबी काढली. मी म्हणालो, "आता अगदी थोडे. खाऊन उरेल तेवढे टाकू नका. खाणारे दोनच आहेत."

"आणि कोण नव्हतं खायला तवा चिमूटभर टाकत हुतो व्हय?"

"तेव्हाही होते. दिसत नव्हते."

त्यांनी दोन कण टाकून डबी बंद केली. "ह्येंनी एवढं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" असे म्हणून त्या तुमच्यावर रागावल्या. गेल्यापासून पहिल्यांदाच तुमच्यावर रागावल्या. मला फार बरे वाटले.

मी मुलीच्या घरी कधी मुक्कामाला राहत नाही. या वेळी राहिलो. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून पेटीपाशी जाई आणि रोज महेश माझ्याआधी तिथे बसलेला असे. मासे जगले. पाणी स्वच्छ राहिले. आक्का येऊन बघून गेल्या. "एवढ्या मोठ्या पेटीत दोनच?" त्या म्हणाल्या. "आमच्या भावाचा हात कधी आखडता नव्हता." खानापूरचा विषय त्यांनी काढला नाही. आणि परवा मी ओसरीवर चप्पल घालत असताना महेश समोर पानवाल्यांशी बोलत होता.

"बाबा पाणी तयार करत हुते. मासे मागनं सोडायचे असतात."

"मग तवाच सांगायचं न्हाई व्हय?"

"मला ठाऊक नव्हतं. त्यांनाच ठाऊक हुतं."

एवढेच. पण त्याने ते चारचौघांत, रस्त्यावर, मोठ्याने सांगितले. माझे काम झाले.

आता आपला वाद. निघण्यापूर्वी मी पिशवीतून पाणसळ काढली, कारण तुम्ही ती आणायला सांगितली होती. पेटीच्या काठावर ठेवली, लांबीकडून आणि मग रुंदीकडून. बुडबुडा मध्ये. शिवाय पाण्याची रेघच बघा म्हणून मी विहीणबाईंनाही बोलावले. चारही कोपऱ्यांत काठापासून सारखीच खाली. पेटी दाराकडे कललेली नाही. कधीच नव्हती. हे मी तुम्हाला अंतिम म्हणून कळवतो.

तुम्ही असतात तर एक डोळा मिटून म्हणाला असतात, "पेटी सरळ हाय हो, आमचं घरच कललंय." आणि त्यावरचे उत्तर शोधत मी रामनगरहून जोयड्यापर्यंत आलो असतो, दर वेळी येतो तसा, वाटेत ते सापडले असते आणि घरी पोचताच मी फोन लावला असता. परवाच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली होती. कंडक्टर तोच होता. मांडीवर रिकामी बादली होती, तिच्यात पाणसळ, आणि सबंध वाटभर मला कशाचेच उत्तर शोधायचे नव्हते.